मॅस्टोडॉन की लेमी? कुळागरवाल्यांचा ग्रुप हलवताना

मोठ्या सोशल मीडिया साइटवरून बाहेर पडायचं, हे ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पडावं की पडू नये, हा वाद इथे घालत नाही. आमच्याकडे तो घालून झालाय आणि त्यात दोघांचं बोलणंही बंद झालंय.

आमचा ग्रुप कुळागरवाल्यांचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या मिश्र बागा असणाऱ्यांचा. बहुतेक जण गोव्यातल्या फोंडा आणि सत्तरीतले, थोडे डिचोली-सांग्याकडचे. विषय म्हणजे सुपारी, नारळ, मिरी, जायफळ, न मिळणारे पाडेली (झाडावर चढून फळं पाडणारे), आणि अलीकडे सगळ्यांत जास्त माकडं व गवेरेडे. काही मराठीत लिहितात, काही कोंकणीत, आणि काहींचं वाक्य मराठीत सुरू होऊन कोंकणीत संपतं. ग्रुप जिथे होता त्या साइटने कोणाची पोस्ट कोणाला दाखवायची हे स्वतःच ठरवायला सुरुवात केली. मे महिन्याच्या शेवटी कोणी बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचं प्रमाण विचारावं आणि निम्म्या लोकांना तो प्रश्न आषाढात दिसावा, म्हणजे कोळेरोगाने, त्याच बुरशीने, पोफळीखाली सुपाऱ्यांचा सडा पडल्यावर. मधल्या काळात त्यांना काय दिसायचं, तर दिल्लीतल्या कुणाच्या लग्नाच्या रील.

दुसरीकडे जायचं तर एकाच कंपनीच्या हातात असलेली जागा पुन्हा नको, एवढ्यावर मात्र एकमत होतं. ‘कू’ हे ट्विटरसारखं अॅप देशी होतं, मराठीतही होतं, पण शेवटी एका कंपनीचं. 2024 च्या जुलैत कंपनीने गाशा गुंडाळला. ऑर्कुटवरच्या मराठी कम्युनिट्या 2014 च्या सप्टेंबरात अशाच गेल्या. म्हणून शेवटी दोनच नावं उरली: मॅस्टोडॉन आणि लेमी.

दोन्ही सोशल नेटवर्कं, दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड खुला, दोन्ही शेकडो वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणारी, आणि दोन्ही एकमेकांशी अॅक्टिव्हिटीपब नावाच्या एकाच भाषेत बोलणारी. हे तुम्हाला ठाऊक असणार. फरक स्वभावात आहे, आणि तो कोण कुठून पळून आलं यावरून लगेच कळतो. 2022 च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं तेव्हा लोक मॅस्टोडॉनकडे धावले. (आपल्याकडे त्याआधीही एक लाट येऊन गेली होती. 2019 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा बऱ्याच भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. त्यातले पुष्कळसे गुपचूप परतही गेले.) 2023 मध्ये रेडिट या विषयवार चर्चांच्या साइटने बाहेरच्या अॅपांकडून माहितीच्या दर हजार विनंत्यांमागे 1 जुलैपासून 0.24 डॉलर घ्यायचं ठरवलं. ‘अपोलो’ हे लोकप्रिय अॅप चालवणाऱ्याने वर्षाला दोन कोटी डॉलर होतील असा हिशेब मांडला आणि 30 जूनला अॅप बंद केलं. ते लोक लेमीकडे गेले. थोडक्यात, मॅस्टोडॉनवर तुम्ही माणसाच्या मागे जाता, लेमीवर विषयाच्या. कागदावर हे वाचून मला काही विशेष वाटलं नव्हतं. त्याचा अर्थ वापरताना कळला.

आधी मॅस्टोडॉन, कारण आम्ही आधी तिथेच गेलो. देखणं आहे, यात वाद नाही. अॅपं चांगली आहेत, पोस्टी वेळेच्या क्रमाने येतात, जाहिरात नाही. एका पोस्टला चार फोटो लावता येतात, आणि पानावरचे डाग दाखवायचे तर चार लागतातच: पानाची वरची बाजू, खालची बाजू, खोड आणि पूर्ण झाड. सर्व्हर बदलायचा झाला तर फॉलोअर सोबत नेता येतात. जुन्या पोस्टी मात्र जुन्याच घरी राहतात. पोस्ट फक्त आपल्या फॉलोअरना दिसेल अशीही ठेवता येते. लेमीवर तसली सोय मला मिळाली नाही. तिथे सगळं उघड्यावर. कोणाची सुपारी किती दराने गेली हे गावभर होऊ नये असं वाटणाऱ्यांना हा मुद्दा लहान नाही.

आता ज्यावरून माझं मत फिरलं ते सांगतो.

मॅस्टोडॉनवर ग्रुप असा प्रकार नाही. एका विषयाची माणसं एकत्र आणायची तर हॅशटॅग हाच रस्ता. 2022 च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून हॅशटॅगही फॉलो करता येतो, तेव्हा आम्ही म्हटलं, झालं काम. #कुळागर हा टॅग ठरला. सगळ्यांना सांगितलं, हा फॉलो करा आणि लिहिताना वापरा.

पहिल्या आठवड्यातच लोकांनी लिहिलेलं असं होतं: “#कुळागरात काल रात्री गवे शिरले.” “#कुळागराला पाणी कमी पडतंय, पाट कोणी अडवलाय?” कोंकणीवाल्यांचं “#कुळागरांत”, डोक्यावर अनुस्वार. एका काकांचं “#कुळागरवाल्यांनो”. यातली एकही पोस्ट #कुळागर फॉलो करणाऱ्याला दिसत नाही. संगणकाच्या लेखी हे चार वेगळे टॅग. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण येतच नाही. त्याचा शब्द सुटा राहतो, ‘इन’ आणि ‘टू’ बाजूला उभे असतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि चिकटताना शब्दाचं रूपही बदलून टाकतो. #पाऊस आणि #पावसात यांचं नातं तुम्हा-आम्हाला कळतं, सर्व्हरला नाही. #पोफळ, #पोफळी, #पोफळीवर हे तर मी मोजायचं सोडून दिलं.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. टॅग वाक्यात न घालता शेवटी वेगळा लिहायचा. मॅस्टोडॉन हल्ली शेवटच्या ओळीतले टॅग छान वेगळे करून दाखवतं. मी तशी सूचना चिकटवली, पुन्हा पुन्हा आठवण केली. पण बागेत उभं राहून ओल्या बोटांनी लिहिणाऱ्या माणसाला हे कोण शिकवणार, आणि का? त्यात पोस्टला टॅग असला तरी खाली आलेल्या उत्तरांना नसतो, त्यामुळे प्रश्न टॅगखाली दिसतो आणि उत्तर शोधावं लागतं. शिवाय टॅगच्या पानावर फक्त तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्या पोस्टी असतात. आमचे लोक चार सर्व्हरांवर विखुरलेले, त्यामुळे एकाच टॅगची पानं प्रत्येकाकडे वेगळी. सावईवेऱ्याहून एक जण फोनवर सांगायचा, “अरे, वर तो फोटो आहे बघ,” आणि माझ्याकडे तो फोटो नसायचाच.

तो फोटो कोयत्याचा होता. बोर्डो मिश्रण करताना शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना, हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते चुन्याच्या दर्जात. चुना जुना किंवा भिजलेला असेल तर मिश्रण आम्ल राहतं आणि पानं करपतात. म्हणून लोखंडाचं स्वच्छ पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवून बघायचं. त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना अजून हवा. त्याने असंच तांबूस झालेलं पातं धरून फोटो टाकला होता. शंभर शब्दांनी समजलं नसतं ते त्यात दिसत होतं. टॅग होता “#बोर्डोचं”. पुढच्या मे महिन्यात तो फोटो शोधताना माझी संध्याकाळ गेली.

लेमीवर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे कम्युनिटी ही जागा आहे. तिला पत्ता आहे, ती एका सर्व्हरवर राहते, आणि तिथे टाकलेली पोस्ट त्यातच असते, मग तुम्ही ‘कुळागरात’ लिहा, ‘कुळागरांत’ लिहा, की रोमी म्हणजे रोमन लिपीत लिहा. उत्तरं प्रश्नाच्या पोटात, एकाखाली एक. मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘न्यू कॉमेंट्स’ हा क्रम. तो लावला की जुन्या धाग्यावर कोणी नवं लिहिलं रे लिहिलं, तो धागा वर येतो. कोयत्याचा फोटो आम्ही तिथे पुन्हा टाकला. आता पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी खाली विचारतं, “चुना कुठून आणला?” आणि सगळा धागा, गेल्या वर्षीच्या भांडणासकट, पुन्हा सगळ्यांसमोर. नव्या माणसाला काही सांगावं लागत नाही. ज्यांना खातं उघडायचंच नाही अशा वडीलधाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवला की लॉगिन न करता ब्राउझरमध्ये वाचता येतं. आमचे निम्मे ‘सदस्य’ असेच आहेत.

लेमीचे काटेही सांगायला हवेत, नाहीतर शिव्या मला पडतील.

पहिला काटा भाषेच्या रकान्याचा. सेटिंगमध्ये कोणत्या भाषांतल्या पोस्टी पाहायच्या ते निवडता येतं, आणि मराठी त्या यादीत आहे. कोंकणी नाही. यादी दोन अक्षरी भाषा-संकेतांवर बेतलेली आहे आणि कोंकणीला तसा संकेतच नाही. तिचा तीन अक्षरी. गोव्याची राजभाषा, घटनेच्या आठव्या अनुसूचीत 1992 पासून, पण लेमीच्या यादीत जागा नाही. म्हणून कोंकणी लिहिणारे भाषा न निवडताच पोस्ट करतात. तुम्ही उत्साहाने फक्त मराठी आणि इंग्रजीवर खूण केलीत, तर त्यांच्या पोस्टी तुमच्यासाठी नाहीशा. ‘अनडिटरमाइंड’ या नावाची खूण ठेवायलाच हवी. नव्या सदस्याला आम्ही आधी हे सांगतो, स्वागत नंतर.

दुसरा: एखाद्या सर्व्हरवरून तुमच्या कम्युनिटीत पहिलाच माणूस येत असेल, तर शोधात ती पटकन सापडत नाही. पूर्ण पत्ता घालून शोधावं लागतं, थोडं थांबावं लागतं, आणि जुने धागे तिथे फारसे दिसत नाहीत. मॅस्टोडॉनवर माणूस शोधण्यापेक्षा हे त्रासाचं. फोटोंचंही तसंच, एकापेक्षा जास्त लावायचे तर मजकुरात घालावे लागतात.

तिसरा मोठा. जागा एका सर्व्हरवर असते म्हणजे तो सर्व्हर गेला की जागा गेली. लेम डॉट ईई (lemm.ee) हा चांगला चाललेला, मोठा सर्व्हर 2025 च्या जूनअखेर बंद झाला. चालवणारे थकले होते. त्याआधी 2023 मध्ये एका सर्व्हरचं .एमएल नावच गेलं, कारण ते माली देशाचं डोमेन होतं. त्याच वर्षी बीहॉ या सर्व्हरने नव्याने आलेल्या लोंढ्याला कंटाळून लेमी डॉट वर्ल्डशी संबंध तोडले, आणि दोन्हीकडच्या लोकांची रातोरात ताटातूट झाली. मॅस्टोडॉनचे सर्व्हरही बंद पडतात, पण तिथे माणूस आपली माणसं घेऊन निघतो. लेमीवर 2023 अखेरच्या 0.19 आवृत्तीपासून तुमची सदस्यत्वं आणि सेटिंग फाइलमध्ये उतरवता येतात, इतकंच.

लेमी बनवणाऱ्यांच्या राजकीय मतांवरूनही बरीच धुसफूस असते. ज्यांना ती खटकते त्यांच्यासाठी पायफेड आहे: वेगळं सॉफ्टवेअर, कम्युनिट्या त्याच. आमचे दोघे तिथून येतात आणि आम्हाला फरक जाणवतही नाही. मॅस्टोडॉन न सोडणारेही लेमीची कम्युनिटी तिच्या पत्त्याने फॉलो करू शकतात, आणि पत्ता घालून लिहिलं तर पोस्ट कम्युनिटीत पडते. पहिली ओळ शीर्षक होते, तेव्हा ती “नमस्कार मंडळी” नसलेली बरी.

मग कोणी काय घ्यावं? तुम्हाला पत्रकार, चित्रकार, पक्षिनिरीक्षक अशी माणसं वाचायची असतील, स्वतःचं रोजचं काही टाकायचं असेल, किंवा सगळ्यांनी सगळं वाचू नये असं वाटत असेल, तर मॅस्टोडॉन, आणि मी त्यावर वाद घालणार नाही. माझंही खातं तिथे आहे. पावसाचे फोटो तिथेच जातात. नाट्यमंडळाची तालमीची चर्चा असो की भजनी मंडळाची वर्गणी, जिथे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात आणि उत्तरं जपून ठेवण्यासारखी असतात, तिथे मला लेमी जवळचं वाटतं. मराठी गर्दी दोन्हीकडे सारखीच विरळ, त्यामुळे “तिकडे कोण आहे?” हा प्रश्न बाद धरा. तुम्ही न्याल तेच लोक असतील.

लेमी घेतलंत तर सर्व्हर निवडताना नावापेक्षा मागची माणसं बघा: खर्चाचा हिशेब उघड ठेवतात का, चालवणारे एकापेक्षा जास्त आहेत का, गेल्या काही महिन्यांत सर्व्हर किती वेळा बंद होता हे सांगतात का. स्वतःचा चालवायचा मोह होतो, मलाही झाला. पण सत्तरीत पावसाळ्यात वीज जाते तेव्हा घरातल्या सर्व्हरचं काय करणार? भाड्याने घ्यायचा तर दर महिन्याचा खर्च, आणि मोरचूदच्या दिवसांत त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. आम्ही दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाडेकरू आहोत, वर्षाला थोडी वर्गणी पाठवतो, आणि महत्त्वाचे धागे एक मुलगी दर महिन्याला स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवते. कोयत्याचा फोटो धरून.