नमुना की हेतू? कृत्ये वाचायच्या दोन पेंटेकॉस्टल पद्धती

पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती मंडळींत बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक दोन तऱ्हांनी शिकवतात; त्यातल्या कुठल्या बायबल वर्गाला बसावं, असं नवापूरकडचे दोघे-तिघे विचारतात. मी दोन्हीकडे बसलोय, म्हणून लिहितो.

पहिली पद्धत नमुन्याची. कृत्यांच्या २, १० आणि १९ व्या अध्यायांत पवित्र आत्मा उतरला, लोक अन्य भाषा, म्हणजे न शिकलेल्या भाषा, बोलले. म्हणून आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे आत्म्यानं भरून जाण्याची, पहिली खूण तीच. अमेरिकेतल्या टोपेकात १९०१ साली चार्ल्स पॅरहॅमच्या बायबल शाळेत हे सूत्र पक्कं झालं, असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेनं १९१६ मध्ये ते आपल्या विश्वासाच्या मुद्द्यांत घेतलं. ही मंडळी कृत्ये जुनी गोष्ट म्हणून वाचतच नाहीत. त्यांच्या प्रार्थनेला धग असते, हे मानलंच पाहिजे.

दुसरी हेतूची, बायबलचे अभ्यासक गॉर्डन फी यांची. तेही असेंब्लीजचेच पाळक होते, म्हणजे घरातलेच. त्यांचा प्रश्न असा, की हे कृत्ये लिहिणाऱ्या लूकला शिकवायचंच होतं, की सांगण्याच्या ओघात आलं? अन्य भाषा नेहमीचा अनुभव असेल, पण तेवढ्यावरून सगळ्यांना नियम लावता येत नाही. ही पद्धत कधीकधी कोरडी होते. लूक गोष्टीतूनच शिकवतो, हा रॉजर स्ट्रॉन्स्टॅड आणि रॉबर्ट मेंझिस या पेंटेकॉस्टल अभ्यासकांचा आक्षेपही मला बराचसा पटतो.

माझं गाडं अडलं आठव्या अध्यायात. शोमरोनात प्रेषितांनी हात ठेवले, आत्मा मिळाला. भाषांचा शब्दही नाही. पहिल्या वर्गात विचारलं तर म्हणाले, तिथल्या शिमोन जादूगारानं काहीतरी पाहिलं ना, मग भाषाच असणार. असेल बुवा. पण न लिहिलेलं आपण भरायचं आणि त्यावर माणसं तोलायची?

एका उपास-प्रार्थनेत, अन्य भाषा यावी म्हणून, माझ्या आत्याच्या डोक्यावर हात ठेवून एक पाहुणे प्रचारक पाऊण तास म्हणत होते, "तोंड उघडा, सोडा, सोडा." आत्या चाळीस वर्षं मावचीत, आपल्या बोलीत, प्रार्थना करणारी. रात्री मोटरसायकलवर मागून म्हणाली, "मंग इतके वरीस मी कोनाच्या आधारानं पार्थना करत होते?" मला उत्तर सुचलं नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जागृती झाली, अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या प्रसिद्ध पेंटेकॉस्टल जागृतीच्याही आधी. तिथं अन्य भाषाही आल्या, पण रमाबाईंनी त्या प्रत्येकाला सक्तीच्या केल्या नाहीत.

आता मी दुसऱ्या वर्गाला बसतो. गाण्यासाठी मात्र अजून पहिल्यांच्याच सभेला जातो.