रोस्ट बटाट्याचं तयार सीझनिंग: पाकिटात पानं कमी, मीठ जास्त

सुपरमार्केटच्या मसाल्यांच्या फळीवर हल्ली 'हर्ब पोटॅटो', 'रोस्ट सीझनिंग', 'गार्लिक हर्ब' अशा नावांची पाकिटं आणि बाटल्या दिसतात. वेष्टनावर रोझमेरीची हिरवीगार काडी आणि शेजारी खरपूस बटाटे. घेण्याआधी पाकीट उलटं करा. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. यादीत पहिलं मीठ, मग साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), मग कांदा-लसूण पावडर आणि रोझमेरी-थाइम ही सुवासिक पानं पार तळाशी, अशी रांग असेल तर आपण पैसे मोजतोय ते मिठाचे. यादीतला ५५१ हा आकडा म्हणजे गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं सिलिकॉन डायऑक्साइड, ६२१ म्हणजे घरोघरी ज्याला अजिनोमोटो म्हणतात ते. त्यांच्याशी भांडण नाही. भांडण प्रमाणाशी आहे.

हिशोब सोपा आहे. पोषणमूल्यांच्या चौकटीत सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. समजा १०० ग्रॅमला १४,००० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर मीठ झालं ३५ ग्रॅम. किलोभर बटाट्याला साधारण १० ग्रॅम मीठ लागतं. ते या पुडीतून यायचं तर जवळजवळ ३० ग्रॅम पूड घालावी लागेल, म्हणजे लहान पाकीट एकाच खेपेत संपलं. शिवाय सोबत आलेली साखर २०० अंशांवर आधी काळी पडते आणि बटाटा आतून तयार व्हायच्या आत वरून कडू होतो. पूड कमी घातली तर बटाटा अळणी आणि पानांचा वासही नावालाच. मीठ आणि पानं एकाच बरणीत असली की हे त्रांगडं सुटत नाही. म्हणून तयार पाकिटांना पाचपैकी दोन गुण, तेही सोयीसाठी. हॉस्टेलवर किंवा सहलीला ठीक. महिन्यातून दोनदा ओव्हन लावणाऱ्या घराने बरणी स्वतः भरावी, आणि तीत मीठ घालू नये.

बरणीचं प्रमाण असं: वाळलेली रोझमेरी ४ टेबलस्पून, थाइम ३, ओरेगॅनो २, लसूण पावडर २, कांदा पावडर १, काश्मिरी मिरचीची पूड १ टेबलस्पून आणि भरड मिरे २ टीस्पून. सगळं मिळून ६५ ग्रॅमच्या आसपास भरतं. किलोभर बटाट्याला दीड ते दोन टेबलस्पून पुरतं, म्हणजे एका बरणीत सहा-सात किलो बटाटे निघतात.

यात खरी मेख रोझमेरीची. तिची पानं सुयांसारखी, वाळल्यावर आणखी ताठ. तशीच घातली तर दातात अडकतात, हिरडीला टोचतात, आणि जेवणारा ती ताटाच्या कडेला काढून ठेवतो. पण मिक्सरमध्ये सलग फिरवली तर बारीक भुकटी होते, आणि भुकटी ट्रेवर पाच मिनिटांत करपते. चटणीच्या भांड्यात दोन-दोन सेकंदांचे तीन-चार झटके द्या. पोह्यांवर भुरभुरायला भरडतो त्या जाड धन्यांइतकी झाली की थांबा. खलबत्ता असेल तर आणखी बरं: मिरे आणि रोझमेरी एकत्र कुटा, मिऱ्याच्या दाण्यांमुळे पान निसटत नाही. थाइम आणि ओरेगॅनो दळायचे नाहीत, तळहातांत चोळले की पुरे. थाइममध्ये काड्या बऱ्याच असतात, त्या जाड चाळणीतून काढून टाका.

विकत घेताना वास हीच परीक्षा. चिमूटभर पान तळहातावर चोळा. रोझमेरीला कापराच्या जवळचा, झोंबणारा वास यायला हवा. वाळल्या गवतासारखा आला तर माल जुना आहे, बाटलीवरची तारीख काहीही म्हणो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला परदेशी किराणा मालाच्या दुकानांत ही पानं मोठ्या पाकिटात मिळतात आणि छोट्या काचेच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. मात्र वर्षभर पुरेल इतकी एकदम भरडून ठेवू नयेत. अख्खं पान वर्षभर टिकतं, भरडलेलं मिश्रण तीन-चार महिन्यांत मंद होतं.

ताजी रोझमेरी मिळाली तर घरी वाळवता येते. पावसाळ्यात सावलीत वाळवायचा नाद सोडा, बुरशी धरते. मायक्रोवेव्हमध्ये दोन पेपर नॅपकिनच्या मध्ये काड्या पसरा, आधी एक मिनिट, मग वीस-वीस सेकंद, पान चुरचुरेपर्यंत. वाळलेल्या एका चमच्याच्या जागी ताजी घालायची तर तीन चमचे घ्या. बेझिल आणि कोथिंबीर या कामाला नकोत, वाळल्यावर त्यांचा वास बराचसा उडून जातो.

थाइम नाही मिळालं तर ओवा आहेच. दोघांच्या वासाचं मूळ एकच, थायमॉल. पण ओव्यात ते ठसठशीत असतं, म्हणून किलोला पाव टीस्पून, हलका कुटून. अर्धा टीस्पून झाला की बटाटा रोस्टचा राहत नाही, भजीचा होतो. कुंडीतल्या पानओव्याचा वास ओरेगॅनोच्या बराच जवळचा, म्हणून तो वाळवून वापरायचा मोह होतो. त्याची पानं मात्र गरदार, पाण्याने भरलेली. आठवडाभरातही नीट वाळत नाहीत आणि तोवर काळी पडतात. ती भजीलाच शोभतात.

आता बटाटा. नव्या, पातळ सालीच्या बटाट्याला बाहेरून कुरकुरीतपणा येत नाही. जुना, पिठूळ घ्या. थंड गोदामातून किंवा फ्रिजमधून आलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर झालेली असते, तो चवीला गोडसर लागतो आणि ओव्हनमध्ये डागाळून तपकिरी होतो. मग दोष सीझनिंगला दिला जातो. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका.

४ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे. २ लिटर पाण्यात २ टीस्पून मीठ आणि अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा घालून उकळा, तुकडे सोडा, पुन्हा उकळी फुटल्यावर साधारण दहा मिनिटं. सोड्याने बाहेरचा थर सैल पडतो. निथळून चाळणीतच तीन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग पातेल्यात घालून झाकण ठेवून दोन-चारदा जोरात हलवा. कडा फुटून तुकड्यांना पिठूळ लेप चढायला हवा, कुरकुरीतपणा त्यातच असतो. वाफ जाऊ न देता तेल लावलं तर हा लेप चिकट लापशी होऊन ट्रेला बसतो, आणि उलथन्याने काढताना ट्रेवरच राहतो. ४ टेबलस्पून तेल आणि सपाट एक टीस्पून मीठ चोळा. पाण्यातलं थोडं मीठ बटाट्यात शिरलेलं असतं, म्हणून इथे हात आखडता.

ओव्हन २२० अंशांवर, ट्रे आतच तापवलेला. वीस-पंचवीस मिनिटांनी उलटा, आणखी पंधरा. छोट्या ओटीजीच्या ट्रेवर एका थरात साधारण ६००-७०० ग्रॅमच मावतात. किलो कोंबला की बटाटे भाजत नाहीत, वाफवले जातात.

सीझनिंग आत्तापर्यंत बाहेरच. लसूण पावडर आणि मिरची पूर्ण वेळ टिकत नाहीत, अर्ध्या तासात लसूण काळा आणि कडू होतो. बटाटे उलटले की एका वाटीत मिश्रण एक टेबलस्पून कोमट तेलात भिजत घाला. पानांना तेल पिऊ द्या, वास तेलात उतरतो आणि ती लगेच जळत नाहीत. शेवटची आठ-दहा मिनिटं उरली की हे तेल बटाट्यांवर घालून एकदा परता. लसणीचा कच्चा वास गेला आणि रोझमेरीचा घरभर पसरला की बाहेर काढा. लिंबू पिळायचं तर ताटात, ट्रेवर नाही. आधी पिळलं तर कड मऊ पडते.

एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर अर्धा किलोला वीस मिनिटं, सीझनिंग शेवटच्या चार-पाच मिनिटांत. इथे कोरडं मिश्रण अजिबात नको. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडतात, वरच्या कॉइलला चिकटून जळतात आणि धुराचा वास सगळ्या बटाट्यांना लागतो.

बरणी काचेची, घट्ट झाकणाची, गॅसपासून लांब. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वाफाळत्या पातेल्यावर बरणी उपडी करून शिंपडण्याने: वाफ आत जाते, लसूण पावडर ओल धरते आणि दुसऱ्या दिवशी चमच्याला दगड लागतो. आधी कोरड्या वाटीत काढा. पावसाळ्यात कोरडे भाजलेले चमचाभर तांदूळ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बरणीत टाकले तर मिश्रण सुटं राहतं.

पाकीट आधीच घरात येऊन पडलं असेल तर फेकू नका. बटाटे फक्त तेलावर भाजा, उकळताना आणि चोळताना दोन्हीकडचं मीठ गाळा, आणि बाहेर काढल्या काढल्या गरम बटाट्यांवर पूड थोडी-थोडी भुरभुरा, चव घेत. ओव्हनमध्ये गेलीच नाही, तर तिच्यातली साखरही करपत नाही.