लहान फंडासाठी जोखीम मोजणारे सॉफ्टवेअर : दीड वर्षाच्या वापरानंतर

परदेशात ज्याला हेज फंड म्हणतात (मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून वायदे-ऑप्शनसारखे जोखमीचे सौदेही करणारा फंड), त्याच्या सर्वांत जवळचा आपल्याकडचा प्रकार म्हणजे बाजार नियामक सेबीच्या २०१२ च्या नियमांतला तिसऱ्या श्रेणीचा पर्यायी गुंतवणूक निधी. त्यासाठी योजनेत किमान २० कोटी रुपये लागतात आणि सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान एक कोटी घालावे लागतात. असा फंड मुंबईतूनच चालवावा असे कुठे लिहिलेले नाही, त्यामुळे आमचा छत्रपती संभाजीनगरातून चालतो. निधी ३० कोटींच्या आसपास आहे, गुंतवणूकदार जालन्याच्या पोलाद व बियाणे व्यवसायातले आणि लातूरचे काही डाळमिल मालक आहेत, कार्यालयात पाच माणसे आहेत आणि त्यांत जोखमीचा हिशेब माझ्याकडे आहे.

दीड वर्षापूर्वी एक्सेलवरचा कारभार आवरेनासा झाला, तेव्हा आम्ही दोन सॉफ्टवेअर चाचणीसाठी घेतली. एक परदेशी होते, दुसरे मुंबईच्या एका कंपनीचे. शेवटी मुंबईचे घेतले आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचेच आहे. करारातल्या अटीमुळे नावे देता येत नाहीत.

विक्रेत्याने दाखवलेल्या नमुना पोर्टफोलिओवर विश्वास ठेवू नये, ही खबरदारी आम्ही पहिल्या दिवसापासून घेतली आणि आमच्याच सौद्यांवर तीन जुने दिवस चालवून मागितले. पहिला दिवस ४ जून २०२४, लोकसभा निकालाचा, ज्या दिवशी निफ्टी ५.९३ टक्के पडला. आमच्याकडे ऑप्शन विकण्याचे काम बरेच चालते, आणि खरी मेख तिथेच आहे. समजा, २४,००० वरच्या निफ्टीचा त्याच भावाचा कॉल (त्या भावाने खरेदीचा हक्क) आणि पुट (विक्रीचा हक्क) विकून दोन्हींचे मिळून ६०० गुण प्रीमियम (हक्काची किंमत) घेतले, तर सुरुवातीला डेल्टा (निफ्टी एक गुण हलला तर सौद्याची किंमत किती हलते) जवळपास शून्य असतो, आणि केवळ डेल्टावर चालणारा हिशेब जोखीम नगण्य असल्याचे सांगतो. आता सहा टक्के, म्हणजे १,४४० गुणांची घसरण धरा. मिळालेले प्रीमियम वजा केल्यावर ८४० गुणांचा तोटा उरतो, तो २०२५ मधल्या ७५ च्या लॉटला (सौद्याच्या ठरलेल्या संचाला) ६३,००० रुपये होतो आणि १०० लॉट असतील तर ६३ लाख, म्हणजे आमच्या निधीच्या दोन टक्क्यांहून अधिक. घसरणीबरोबर अस्थिरता वाढून ऑप्शन आणखी महाग होतात, तो भाग यात धरलेलाच नाही. परदेशी सॉफ्टवेअर प्रत्येक ऑप्शनची किंमत नव्या भावाला पुन्हा काढत होते. मुंबईच्या सॉफ्टवेअरमध्येही ती सोय होती, पण वेळ वाचावा म्हणून ती मुळात बंद ठेवलेली होती, आणि समोरचा आकडा कोणत्या पद्धतीने आला हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. आम्ही विचारल्यावर त्यांनी ती सुरू करून दिली. न विचारणाऱ्यांचे काय होत असेल, हा विचार तेव्हापासून मनात आहे.

दुसरा दिवस २३ मार्च २०२०, निफ्टीतल्या जवळपास १३ टक्के घसरणीचा. ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ (ठरावीक खात्रीने एका दिवसाचा तोटा ज्यापलीकडे जाणार नाही तो आकडा) मागच्या ५०० दिवसांवरून काढली, तर ९९ टक्के पातळीला तो आकडा साधारण पाचव्या सर्वांत वाईट दिवसाचा असतो. सुमारे दोन वर्षांनी मार्च २०२० चे दिवस त्या ५०० दिवसांच्या खिडकीतून गळून पडतात आणि एकही सौदा न बदलता जोखीम उतरलेली दिसते. असे निवडक दिवस खिडकीबाहेर गेले तरी कायम धरून ठेवण्याची सोय मुंबईच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती वापरायला सोपी आहे, आणि त्यासाठी त्यांना पूर्ण गुण.

तिसऱ्या दिवसाच्या चाचणीत मात्र ते नापास झाले. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि आपल्या एमसीएक्स या वायदे बाजारातला सौदा बॅरलला उणे २,८८४ रुपयांनी निकाली निघाला. लॉगरिदमवरून परतावा काढणाऱ्या सूत्राला शून्याखालचा भाव चालत नाही. सॉफ्टवेअरने तो रकाना कोरा ठेवला आणि खालची बेरीज मात्र बिनदिक्कत दाखवली.

एकतर्फी बाजाराचा नमुना दोन्हींकडे नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले, तेव्हा फक्त असलेले सौदे मिटवता येत होते, नवे घेता येत नव्हते. लातूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. विक्रेत्याच्या अभियंत्याला दोनदा सांगावे लागले.

आम्ही मुंबईचे सॉफ्टवेअर का घेतले, याचे पहिले कारण सेबीची मर्यादा. आमच्या श्रेणीला निव्वळ मालमत्तेच्या दुपटीपलीकडे लिव्हरेज (मालमत्तेच्या मानाने सौद्यांचा एकूण आकार) घेता येत नाही, दिवसाअखेरची पातळी कस्टोडियनला, म्हणजे फंडाची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेला, कळवावी लागते आणि मर्यादा ओलांडली तर कस्टोडियन ते सेबीला कळवतो. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये लिव्हरेज मोजण्याच्या युरोपच्या नियमांतल्या दोन्ही पद्धती तयार होत्या, आपली नव्हती. दुसरे कारण पैशाचे : परदेशी कंपनीने वर्षाला २८ लाख मागितले, तर मुंबईकरांनी साडेसात, जोडणीचा खर्च वेगळा.

माझे वडील मोंढ्यात आडत दुकान चालवीत आणि संध्याकाळी रोकडीचा मेळ लागल्याशिवाय शटर ओढत नसत. या सॉफ्टवेअरचा मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे : ब्रोकर, कस्टोडियन आणि आमची नोंद यांत एका लॉटचाही फरक असेल, तर ते जोखमीचा आकडा दाखवतच नाही, आधी फरक दाखवते. पहिल्या महिन्यात हे रोजचे भांडण होते, कारण चुका बहुतेक आमच्याच निघत.

मदतकक्ष सकाळी नऊला उचलतो, हे बरे. गुंतवणूकदारांसाठीचा एकपानी अहवाल मात्र मराठीत काढला की अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, आणि जालन्याचे एक ज्येष्ठ गुंतवणूकदार दर महिन्याला त्यावरून मला टोकतात.

कराराचे नूतनीकरण मार्चमध्ये आहे. तोपर्यंत उणे भावाची दुरुस्ती झाली नाही, तर कच्च्या तेलाचा हिशेब क्वांटलिब या मुक्त स्रोत प्रोग्रॅम-संग्रहावर (वित्तीय आकडेमोडीच्या तयार कोडवर) आम्ही स्वतःच करू आणि तेवढे शुल्क कमी करून मागू. तसे पत्र त्यांना गेलेले आहे.