रॅबिट पॉलिक्लोनलच्या नावाखाली भलतंच सीरम: बेळगाव भागातल्या लॅबनी सावध राहावं

फॉस्फो-ईआरकेची (फॉस्फेट जोडलेलं, म्हणजे चालू झालेलं ईआरके हे पेशीतलं प्रोटीन ओळखणारी) रॅबिट पॉलिक्लोनल अँटिबॉडी (सशाच्या सीरममधून मिळणारं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) म्हणून आमच्या लॅबला विकलेली व्हायल खोटी निघाली. तोच विक्रेता आता निपाणी, चिक्कोडीपासून खानापूरपर्यंत कॉलेजांना कोटेशन पाठवतोय, म्हणून हे लिहितोय. पीएचडीच्या पोरांची ग्रँट आधीच तुटपुंजी. ती अशी बुडाली की दुसरी व्हायल घ्यायला पैसे उरत नाहीत.

त्याची पद्धत ठरलेली आहे. नामांकित परदेशी कंपनीची डेटाशीट दाखवायची, दर निम्म्याच्या आसपास सांगायचा आणि म्हणायचं, ‘इम्पोर्टला कित्येक आठवडे लागतील, माझ्याकडे स्टॉक तयार आहे, पूर्ण ॲडव्हान्स टाका.’ खोट त्याच्या बिलातच दिसते. जीएसटी नंबर 27 ने सुरू होतो, म्हणजे नोंदणी महाराष्ट्रातली. माल कोल्हापूरकडून कोगनोळी ओलांडून बेळगावात येणार असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर, लागतो. याच्या बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीवरचे कर. कर्नाटकातल्या विक्रेत्याचा नंबर 29 ने सुरू होतो आणि त्याने इथेच माल दिला तर सीजीएसटी-एसजीएसटी बरोबर असतो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की फर्मचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकटात कळतं. सीमेवर राहणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यावीच.

व्हायल हातात आली की लेबलवरचा कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर यांचा फोटो काढून थेट उत्पादक कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला मेल करा. विक्रेत्याने दिलेल्या पत्त्यावर नको, कंपनीच्या वेबसाइटवर असेल त्याच पत्त्यावर. आमच्या व्हायलवरचा लॉट नंबर कंपनीच्या नोंदीत नव्हता.

दुसरी खूण फ्रीजरमध्ये सापडते. डेटाशीटमध्ये 50 टक्के ग्लिसरॉल लिहिलेलं असेल तर उणे 20 अंशांवर अँटिबॉडी गोठत नाही, पाकासारखी दाट आणि वाहती राहते, पिपेटने ओढताना हळू चढते. ही व्हायल रात्रीतून दगडासारखी घट्ट झाली. ग्लिसरॉल नाही, किंवा पाणी घालून वाढवलंय, एवढं तिथेच कळतं. काही अँटिबॉडी मुळातच ग्लिसरॉलशिवाय येतात, म्हणून आधी डेटाशीट वाचा.

खरा निकाल वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून, पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत. हेला पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवा आणि तीन लायसेट (फोडलेल्या पेशींचे अर्क) करा: एक तसंच, दुसरं मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम ईजीएफ (ईआरके चालू करणारा वाढीचा घटक) 5 ते 10 मिनिटं देऊन, तिसरं आधी अर्धा तास 10 मायक्रोमोलर यू0126 (ईआरके चालू होणं रोखणारं रसायन) देऊन मग ईजीएफ. लायसिस बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड हवंच, नाहीतर पेशीतलेच फॉस्फेटेज फॉस्फेट काढून टाकतात आणि विक्रेत्याला आयतं कारण मिळतं. ब्लॉकिंग आणि डायल्युशन 5 टक्के बीएसएमध्ये (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन), दुधात नको. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन असल्यामुळे बॅकग्राउंड वाढू शकतं. प्रायमरी, म्हणजे तपासायची अँटिबॉडी, 1:1000, रात्रभर 4 अंशांवर. खऱ्या अँटिबॉडीला ईजीएफच्या लेनमध्ये 44 आणि 42 किलोडाल्टनचे दोन ठळक बँड येतात आणि यू0126 च्या लेनमध्ये ते जवळजवळ जातात. इथे तिन्ही लेनमध्ये वरपासून खालपर्यंत सारखेच बँड होते. नुसत्या सेकंडरीचा (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणारी अँटिबॉडी) ब्लॉट कोरा होता, म्हणजे ते बँड सेकंडरीचे नव्हते. तीच लायसेट जुन्या, खात्रीच्या लॉटने लावली तर बँड जिथल्या तिथे आले.

तक्रार केली की उत्तर तयार असतं: ‘पॉलिक्लोनल आहे, लॉट बदलला की फरक पडणारच.’ यातला अर्धा भाग खरा आहे. वेगवेगळ्या सशांच्या सीरममधून आलेल्या लॉटमध्ये सिग्नल कमीजास्त होतो, एखादा जादा बँडही दिसतो. पण ईजीएफ दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींत काहीच फरक न दाखवणाऱ्या अँटिबॉडीला फॉस्फो-ईआरकेची म्हणताच येत नाही. ‘उन्हात कुरियर तापलं असेल’ हेही ऐकू नका. आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीचं प्रोटीन, चिवट असतं, प्रवासातल्या एखाद्या गरम दिवसाने सहसा असं निकामी होत नाही.

शेवटी अँटिबॉडीच जेलवर चालवा. 2 मायक्रोलिटर, बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घालून 95 अंशांवर 5 मिनिटं, मग कूमासी, म्हणजे प्रोटीन रंगवणारा डाय. ॲफिनिटी प्युरिफाइड, बीएसए नसलेल्या अँटिबॉडीला 50 किलोडाल्टनच्या आसपास हेवी चेन आणि 25 च्या आसपास लाइट चेन (अँटिबॉडीचे मोठे आणि छोटे तुकडे) दिसते. आमच्या जेलवर सगळ्यात जाड पट्टा 66 च्या जवळ होता, म्हणजे अल्ब्युमिन. शुद्ध न केलेलं सीरम महागड्या लेबलखाली भरलं होतं.

पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या की उरलेली रक्कम कंट्रोल ब्लॉट बरोबर आल्यावरच मिळेल. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. व्हायल संपवू नका. किमान 20 मायक्रोलिटर लेबलासकट बाजूला ठेवा, आणि ब्लॉटचे फोटो लॅडरसकट (बाजूच्या आकाराच्या खुणा), न कापता जपा.