नमुना एक, तागा दुसराच!

मी भोळी नाही, हे आधीच सांगते. सोफ्याचं कापड घ्यायला अभ्यास करून गेले होते. घरच्या रोजच्या वापराला मार्टिंडेल घासचाचणीत (यंत्रावर कापड घासून टिकाऊपणा मोजतात ती) 15,000 ते 25,000 आवर्तनं टिकणारं कापड पुरतं, हे ठाऊक होतं. मी तर 40,000 वालं निवडलं. शंभर टक्के सुती, वीण अशी घट्ट की उजेडासमोर धरूनही छिद्र दिसेना. नखाने खरवडलं, ताणून पाहिलं. आणखी काय करायचं माणसाने? मग दुकानदाराने नमुना परत घेतला आणि मी घेऊ दिला. तुम्ही देऊ नका. तुकडा कापून बिलाला टाचा, वर त्याची सही घ्या.

तिघांचा सोफा, एक खुर्ची, 17 मीटर कापड, 80 टक्के आगाऊ. बिलावर काय? ‘सोफा कापड’. बस्स.

सोफा घरी आला तेव्हा विचारलं, “उरलेली कतरण?”

“कचरा तो ताई, टाकून दिला.”

इथे! इथेच ट्यूब पेटायला हवी होती. 17 मीटरमधून वीतभर तुकडा उरत नाही? आणि मी उरलेले 20 टक्के मोजून त्याच्या हातावर ठेवत होते.

41व्या दिवशी सोफ्याच्या हातांवर कापडाला धाग्यांचे गोळे आले. पाचव्या महिन्यात शिवणीपाशी धागे सरकले. (नुसत्या आवर्तनांवर भाळू नका, गोळे येण्याची आणि शिवणीशी वीण सरकण्याची चाचणी वेगळी असते.) उशीची चेन उघडली, आतला दोरा चिमट्यात धरून जाळला. सुताची भुरभुरीत राख होते, जळक्या कागदाचा वास येतो. माझ्या दोऱ्याचा वितळून काळा, टणक मणी झाला. सूत कसलं, पॉलिएस्टर! चेन होती म्हणून कळलं तरी. उशा बंद शिवून घेऊच नका.

दुकानदार म्हणतो, तुमचा वापर जास्त आहे. सोफ्यावर बसलो, हा गुन्हा!

तक्रार कक्षात 6 फेऱ्या. फॉर्म चुकला. साहेब रजेवर. मणी डबीत घालून नेला, तर “घरी जाळलेला दोरा पुरावा होत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल आणा.” स्वखर्चाने आणला. “पण बिलावर सुती कुठे लिहिलंय? मूळ नमुना कुठाय?” आणि सहाव्या फेरीला, चहा पीत, “आपसात मिटवून टाका ना.” यासाठी पगार घेतात!

डबी परत मागितली. ती म्हणे फाइलमध्ये आहे, आणि फाइल सापडत नाहीये.