फ्लोरिडात जुनं मोबाइल होम घेताय? आधी दोन्ही टायटल मागा

मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बनवून ओढून आणलेलं घर, आणि टायटल म्हणजे त्याच्या मालकीचा कागद. आम्ही मोजले ३३,५०० डॉलर. त्यातले २,००० झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या अ‍ॅपने बयाणा म्हणून, बाकी ३१,५०० चा कॅशियर्स चेक. एवढे मोजून आज आमच्या नावावर काय आहे, तर हॉल, किचन आणि पुढचा पोर्च. दोन्ही बेडरूम आणि मोठं बाथरूम कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहेत आणि त्यावर एका फायनान्स कंपनीचा ११,८७० डॉलरचा बोजा आहे. हसायचं तर हसून घ्या, माझी मैत्रीणही आधी हसलीच होती.

लिहितेय कारण आपल्यातले बरेच जण सध्या हाच विचार करतायत. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, अपार्टमेंटचं भाडं २,१५० वर गेलं, आणि टॅम्पापासून तासाभरावर मोबाइल होमच्या एका वसाहतीत, म्हणजे पार्कमध्ये, १९९६ चं डबलवाइड (दुप्पट रुंदीचं घर) दिसलं, जागेचं महिन्याचं भाडं म्हणजे लॉट रेंट ६८५. जमीन पार्कची, घर तेवढं आपलं, त्यामुळे आम्ही विचारलं त्या बँकांनी मॉर्गेजला नाहीच म्हटलं. मग रोख. आणि रोखीत घेतलं की मध्ये बँक नाही, बँकेचा वकील नाही, टायटल कंपनी नाही, कागद दुसऱ्या डोळ्यांखालून जातच नाहीत. आम्हाला घर विकलं त्या माणसासारख्यांचं तिथेच फावतं. क्लोजिंग, म्हणजे कागद तपासून व्यवहार पुरा करून देणारे असतात, आम्हाला एकाने ४५० डॉलर सांगितलेही होते, पण विकणारा म्हणाला कशाला पैसे घालवता, अर्ध्या तासाचं काम आहे. ते ४५० द्या. विकणारा नको म्हणाला तर नक्कीच द्या.

आणि कृपा करून 'नीट बघून घ्यायचं ना' हे मला कुणी सांगू नका. आम्ही बघितलं होतं. अँड्र्यू वादळानंतर वाऱ्याचे नियम बदलले, ते जुलै १९९४ पासून लागू झाले, म्हणून त्यानंतरचंच घर शोधलं. नवरा घराखाली सरपटत जाऊन टायडाउनचे, म्हणजे घर जमिनीला बांधून ठेवणारे, पट्टे ओढून आला, बाथरूमच्या फ्लोअरवर टाच आपटून कुठे मऊ लागतंय का बघितलं, एसीच्या युनिटवरचं साल वाचलं, नळ सोडून ठेवून पाणी कुठे झिरपतंय का पाहिलं. भाव ३६,००० वरून खाली आणला. विकणाऱ्याने बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, १२,००० लिहू म्हणजे तुमचा सहा टक्के टॅक्स वाचेल असंही सुचवलं, आम्ही नाही म्हटलं. म्हणजे बघा, चोरी करायला नकार देणारे आम्ही, आणि लुबाडले गेलो ते पण आम्हीच.

आता तो क्षण. क्लोजिंग कसलं, किचनच्या ओट्यावरच सगळं चाललेलं. त्याने टायटल पुढे सरकवलं, एकच कागद, त्याच्या नावाचं, कोरं करकरीत, बोज्याचा रकाना रिकामा. मी व्हिन नंबर, म्हणजे गाडीच्या चासीसारखा घराचा ओळख क्रमांक, मोठ्याने वाचला आणि नवऱ्याने बिल ऑफ सेलवरचा ताडून बघितला. एकेक आकडा जुळला. शेवटी इंग्रजी 'ए' होता, तोही जुळला. मी विचारलं होतं बरं का, हा ए कशाला? तो मान वर न करता म्हणाला, मॉडेलचा आहे. आणि लगेच चावीच्या जुडग्यातली कुठली चावी शेडची, कुठली मेलबॉक्सची ते दाखवायला लागला. त्याच्या मागे रस्त्याकडच्या खिडकीच्या कोपऱ्यात नोंदणीचं एक स्टिकर होतं, एकच, तेसुद्धा मुदत संपलेलं. ते बघून मी मनात म्हटलं की रिन्यू करायला किती लागतील!

ज्यांना माहीत आहे ते इथे कपाळावर हात मारतील. डबलवाइड म्हणजे दोन अर्धी घरं वेगवेगळी ओढून आणून जोडलेली. एकाचा व्हिन ए ने संपतो, दुसऱ्याचा बी ने. फ्लोरिडात प्रत्येक अर्ध्याचं टायटल वेगळं आणि स्टिकर पण वेगळं. ट्रिपलवाइड असेल तर तीन. घराची नोंद मोटार वाहन खात्यात असते आणि घराच्या उजव्या-डाव्या बाजूची वेगवेगळी आरसी बुकं असतात हे सांगलीत वाढलेल्या माणसाला कुठून सुचणार? सासरे फोनवर म्हणाले होते, सातबारा कुणाच्या नावावर आहे तो आधी बघ. मी म्हटलं बाबा, इथे जमीन आपली नसतेच, सातबारा कुठला काढू. आता ते काही बोलत नाहीत, नुसतं हं हं करतात, ते जास्त लागतं.

हे कळलं कुठे, तर काउंटीच्या टॅक्स कलेक्टर ऑफिसच्या काउंटरवर. टायटल ३० दिवसांत नावावर करायला लागतं, उशीर झाला तर २० डॉलर दंड, म्हणून आम्ही आपले आज्ञाधारक, सगळी फाइल घेऊन हजर. त्या बाईने कीबोर्डवर दोन बटणं दाबली आणि विचारलं, बी कुठाय? तिच्या स्क्रीनवर सगळं दिसत होतं, पहिल्या मालकाचं नाव, बोजा, सगळं. आणि मालकाचं नाव सोडलं तर टायटल आणि बोजा आपल्यालाही दिसतो! राज्याच्या मोटार वाहन खात्याच्या साइटवर टायटल नंबर किंवा व्हिन टाकला की फुकटात दिसतं, मोबाइल होमचं पण. ए टाकून बघा, मग बी टाकून बघा. पैसे देण्याआधी, कारमध्ये बसल्या बसल्या.

ती बाई म्हणाली ए तेवढं करून देते, बी साठी त्या मालकाची सही आणि फायनान्स कंपनीचं बोजा उतरल्याचं पत्र आणा. मालक वारलेला. कंपनीला फोन केला तर तुम्ही कर्जदार नाही, माहिती देता येणार नाही. बरं, मी पैसे भरायला तयार आहे म्हटलं तरी आकडा कितीचा ते सांगायला तयार नाहीत, तो शेवटी त्या मृत मालकाच्या मुलीकडून मिळाला. शेरीफच्या ऑफिसला गेलो, तिथला माणूस कागद हातातही न घेता म्हणाला हे सिव्हिल मॅटर आहे. अहो, अर्धं घर स्वतःचं नसताना विकलंय त्याने! तर म्हणे बिल ऑफ सेलवर ए च लिहिलाय ना, मग ए च विकलाय. राज्याच्या ग्राहक खात्याला तक्रार टाकली, त्यांचं उत्तर आलं की विकणारा खाजगी व्यक्ती आहे, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणजे डीलर लायसनवाल्यांकडे, कारण धंदा म्हणून मोबाइल होम विकायला इथे लायसन लागतं आणि याने त्याच पार्कमध्ये आधी पण घरं विकलीत, तर तिथे म्हणाले तो धंदा करतो याचा पुरावा तुम्ही आणा. मी आणू? मग तुम्ही कशाला बसलाय? स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमेच्या सोप्या दाव्याची, मर्यादा ८,००० डॉलर, आमची रक्कम त्याच्या चौपट, म्हणजे रीतसर मोठा दावा, म्हणजे वकील. वकिलाने पहिल्या भेटीचे २५० घेतले आणि सांगितलं केस चांगली आहे पण त्या माणसाकडून वसूल काय होणार. हे मला फुकटात पण माहीत होतं.

वर पार्कचं वेगळंच. नवीन मालकाला पार्कची मंजुरी लागते, विकणारा म्हणाला मॅनेजर ओळखीचा आहे, नंतर सांगू. मॅनेजरने पहिल्याच भेटीत २,०५५ ची थकबाकी हातात ठेवली, तीन महिन्यांचं लॉट रेंट. आधीच्या माणसाचं देणं आमच्या माथी का म्हणून भांडले, पण अर्ज मंजूर करायचा की नाही ते त्यांच्या हातात, भरले. पार्कच्या ऑफिसला आधी जा, एकटे जा, विकणाऱ्याला बरोबर घेऊ नका, आणि काही बाकी नाही असं लेखी घ्या. बयाणा झेलने तर अजिबात देऊ नका, बँक म्हणते तुम्ही स्वतःच पाठवलेत.

सध्या आम्ही त्या मुलीशी बोलतोय. ती भली आहे, सही करते म्हणाली, पण आधी कोर्टातून वारस म्हणून कागद काढावा लागेल, त्याचा खर्च आमचा, ११,८७० पण आमचेच.

आणि तो माणूस? त्याचा फोन चालू आहे. फेसबुक मार्केटप्लेसवर परवाच त्याने आणखी एक डबलवाइड टाकलंय, तशीच किचनच्या ओट्यावर फुलदाणी ठेवून काढलेले फोटो, 'क्लीन टायटल, फक्त रोख'. मी रिपोर्ट केलं, जाहिरात अजून तिथेच आहे. कुणी फोन करणार असाल तर गोड बोलून एवढंच विचारा, बी चा व्हिन पाठवता का?