पाच हजार वॅटचं मशीन अन् आतली लोखंडी पट्टी

सोयाबीनचे पैसे हातात आले म्हणून टीव्हीला जोडायला ५.१ वाला रिसीव्हर, म्हणजे आवाज पाच स्पीकर अन् एका बासच्या डब्ब्यात वेगवेगळा वाटणारं मशीन, घ्यायचं ठरवलं. स्पीकर दाजींनी दिलेले, जुने पण दणकट, फक्त रिसीव्हरच पाहिजे होता. कंपनीचा नवा घ्यायला बजेट नव्हतं, म्हणून सकाळची गाडी धरून परभणीहून संभाजीनगरला गेलो अन् साडेआठ हजाराला गंडून आलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, झालं ते जसंच्या तसं सांगायलो.

दुकानदार लई गोड. "या भाऊ, बसा, चहा सांगतो." समोर काळं चकचकीत मशीन, ५००० वॅटचं स्टिकर, निळ्या डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' (पिक्चरचा ५.१ आवाज पाठवायची पद्धत) पेटलेलं, मागं ऑप्टिकलचं, म्हणजे टीव्हीचा डिजिटल आवाज उजेडाच्या वायरीनं घ्यायचं पॉइंट. त्यानं पेनड्राइव्ह लावून हलगीचं गाणं वाजवलं तर काउंटरवरचा चहाचा ग्लास थरथरायला लागला. मला एवढंच माहीत होतं की वजन बघायचं, ट्रान्सफॉर्मर मोठा असंल तर मशीन जड लागतं. उचलून बघितलं, सात-आठ किलो तरी भरलं असतं. झालं, पैसे मोजले.

घरी ऑप्टिकलची वायर लावली तर नुसतं खर्रर्र. दुकानात फोन केला, म्हणला टीव्हीच्या सेटिंगमधी जाऊन बिटस्ट्रीमच्या (टीव्ही डॉल्बीचा आवाज न उलगडता तसाच पाठवतो) जागी पीसीएम (टीव्ही स्वतः उलगडून पाठवतो) करा. केलं, आवाज आला, मी खूश. पिक्चर लावला अन् दहा मिनिटांत आई दिवाणावरून वळून बघायला लागली, "ह्यो माणूस टीव्हीत हाय का माझ्या पाठीमागं?" हिरो समोर बोलायला अन् तेच शब्द मागच्या दोन्ही स्पीकरमधून. मग ट्यूब पेटली. ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे टीव्ही दोनच चॅनल, डावा अन् उजवा आवाज, पाठवतो, मशीन तेच दोन सगळीकडं वाटायलं होतं. डॉल्बीचा डिकोडर, म्हणजे तो आवाज उलगडणारा भाग, आत असता तर बिटस्ट्रीमवर खर्रर्र झालंच नसतं. अन् डिस्प्लेवरचं ते नाव? टीव्ही बंद केला तरी पेटलेलंच!

गावातल्या रिपेरिंगवाल्या मामांकडं नेलं, त्यांनी चार स्क्रू काढले अन् हसायलाच लागले. आत ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ व्होल्ट, ३ ॲम्पियरचा, मुठीएवढा. बोर्डावर तीन ४४४० आयसी, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिप. एका आयसीचे दोन चॅनल, चॅनलमागं साधारण ६ वॅट, म्हणजे सगळे मिळून ३६. अन् तळाला दोन बोल्टनी आवळलेली जाड लोखंडी पट्टी, कशाला तर वजन यावं म्हणून! माझी सगळी हुशारी त्या पट्टीत गेली.

मामांनी मशीन उलटं करून मागची बारकी पाटी दाखवली, '२३० व्होल्ट, ६० वॅट'. म्हणाले, "बाळा, भिंतीतून साठ घेतंय तर बाहेर पाच हजार कुठून देईल?" ती पाटी दुकानातही होती हो, मी बघितलीच नाही. पाच हजार हा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा, त्याला काही अर्थ नसतो, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती तेच विचारायचं, तेही एका चॅनलला किती अन् किती ओहमच्या स्पीकरला.

परत गेलो तर "बदलून देतो, वरून तीन हजार द्या". १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला तर बिल विचारलं. माझ्याकडं काय, वहीच्या फाडलेल्या कागदावर 'साऊंड मशीन १ नग', ना जीएसटी नंबर ना मॉडेल. तीन-चारशे वाचतील म्हणून पक्कं बिल नको मीच म्हणलो होतो, ती चूक माझी.

तुम्ही जाणार असाल तर पेनड्राइव्हवर ऐकून घेऊच नका, एमपीथ्री गाणं तर दोनच चॅनलचं असतं. दुकानातला टीव्ही ऑप्टिकलनं नाहीतर एआरसीनं (एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज मशीनला पाठवायची सोय) जोडायला लावा, बिटस्ट्रीमवर ठेवून ५.१ वाला पिक्चर चालवा अन् मागच्या स्पीकरला कान लावा. बोलणं मधल्या स्पीकरमधून यायला पाहिजे, मागं पाऊस, गर्दी, असलं काहीतरी. मागूनही डायलॉगच आला तर चहा पिऊन निघून या. मी आता ओळखीच्याकडं कंपनीचा जुना रिसीव्हर बघायलोय, चालू करून, असाच ऐकून.

ते मशीन शेतात आखाड्यावर नेलंय, भोंगा जोडून रात्री रानडुकरं हाकलायला. पट्टी तेवढी आईनं ठेवून घेतली, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावती.